पिंगळा, कासव आणि साखळदंडातली मगर

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत प्राचीन ग्रीक व रोमन नाण्यांवरील प्राण्यांविषयी आलेला लेख वाचला. या विषयावर मराठीत क्वचितच काही छापून येते, त्यामुळे आधी लेखकाचे आभार मानतो आणि मग तक्रारीकडे वळतो. त्या काळच्या लोकांचे निसर्गावर प्रेम होते म्हणून त्यांनी आपली नाणी प्राण्यांनी सजवली, हे लेखातील मुख्य विधान मला मान्य नाही. माझी सारी नोकरी बँकेच्या रोख खिडकीवर गेली. रोकड मोजणारा माणूस नोटेवरची अक्षरे वाचत बसत नाही. चित्र, रंग आणि बोटांना लागणारा कागद एवढ्यावर त्याचे भागते. ग्रीक नाण्यांवरचे प्राणी नेमके हेच काम करीत होते. रोमन नाण्यांवरच्या प्राण्यांचे काम निराळे होते, आणि लेखात या दोहोंची सरमिसळ झाली आहे.

अथेन्सच्या नाण्यावरील पक्ष्याला लेखात ‘घुबड’ म्हटले असून आपल्याकडचा अशुभ पक्षी तिकडे पूज्य कसा, असे नवलही केले आहे. वास्तविक तो आपल्या पिंगळ्याचा भाऊबंद आहे. पक्षिशास्त्रज्ञांनी दोघांना एकाच प्रजातीत बसवले आहे आणि त्या प्रजातीचे ‘अथेने’ हे नावही अथेना देवीवरूनच आलेले आहे. पहाटे दारात येऊन भविष्य सांगणाऱ्याला ज्यांनी ‘पिंगळा’ हेच नाव दिले आणि त्याच्या झोळीत धान्य घातले, त्यांना याचे आश्चर्य वाटायचे कारण नाही. हे चार द्राख्मांचे (द्राख्मा हे ग्रीकांचे चलन) चांदीचे नाणे सुमारे १७.२ ग्रॅमचे, म्हणजे जेमतेम दीड तोळ्याचे असते. त्याच्या एका बाजूस शिरस्त्राण घातलेली अथेना आहे. दुसऱ्या बाजूस पिंगळ्याचे अंग उजवीकडे वळलेले आहे, मान मात्र थेट आपल्याकडे आहे आणि दोन वाटोळे डोळे नाणे हातात धरणाऱ्यावर रोखलेले आहेत. पाठीमागे ऑलिव्हची डहाळी व चंद्रकोर आणि पुढे शहराच्या नावाची तीन अक्षरे आहेत. अक्षरे झिजली तरी डोळे ओळखू येतात, आणि बाजारात तेवढे पुरे होते.

ही ओळख किती पक्की होती हे प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने सांगितलेल्या एका चोरीवरून कळते. अथेन्सचा पाडाव झाल्यावर विजयी स्पार्टाचा सेनापती लायसँडर याने लुटीची रक्कम गिलिप्पस नावाच्या सेनानीबरोबर मायदेशी पाठवली. त्याने थैल्यांचे तळ उसवून नाणी काढली व थैल्या पुन्हा शिवल्या. प्रत्येक थैलीत आतल्या रकमेची चिठ्ठी आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. हिशेब जुळेना, तेव्हा त्याच्याच नोकराने एवढेच सांगितले की केरामेइकोसखाली बरेच पिंगळे निजले आहेत. केरामेइकोस ही अथेन्समधली कुंभारांची वस्ती, आणि ‘केरामोस’ म्हणजे कौल. घराच्या कौलांखाली दडवलेला पैसा सापडला. ‘पिंगळे’ म्हणजे पैसे, हे ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही समजावून सांगावे लागले नाही.

इ.स.पू. ३७५-७४ मध्ये अथेन्सने केलेला कायदा तर माझ्या विशेष आवडीचा आहे. तो कोरलेली शिळा १९७० मध्ये तेथील जुन्या बाजारपेठेच्या उत्खननात सापडली. सराफांच्या मेजांजवळ एका सरकारी गुलामाने बसून नाणी पारखावीत, चांदी खरी व छाप सरकारी असेल तर नाणे परत द्यावे, आत तांबे किंवा शिसे निघाल्यास ते तिथल्या तिथे कापून टाकावे आणि तो गुलाम नेमल्या जागी बसला नाही तर त्याला ५० फटके मारावेत, असे त्यात म्हटले आहे. (आमच्या वेळी मेमोवर भागत असे.) सजावटीसाठी एवढा बंदोबस्त कोणी करीत नाही.

एजायना या ग्रीक बेटाच्या नाण्यांवरची समुद्री व जमिनीवरची कासवे एकच धरण्याची लेखातील चूक थोडी आपल्या भाषेमुळेही झाली असावी, कारण समुद्रातल्या आणि जमिनीवरच्या दोन्ही प्राण्यांना आपण ‘कासव’च म्हणतो. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले पाहिलेल्या वाचकांना मात्र फरक चटकन कळेल. जुन्या नाण्यांवर समुद्री कासव आहे: पायांच्या जागी वल्ह्यांसारखे पर आणि गुळगुळीत पाठीच्या मध्यावर उभी ठिपक्यांची रांग. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्याला त्याची जागा जमिनीवरच्या कासवाने घेतली. पाठीवर ठळक खवल्यांचे चौकोन आले आणि खाली चार पाय आले. त्याच सुमारास एजायनाला अथेन्सपुढे शरण जाऊन आपली गलबते स्वाधीन करावी लागली होती. समुद्र गेला म्हणून समुद्री कासवही गेले, असे अनेक अभ्यासक मानतात. मला ही जोडणी पटते, पण तसे कोणत्याही नाण्यावर लिहिलेले नाही, हेही सांगितले पाहिजे.

सिझिकस या ग्रीक शहराच्या नाण्यांवर मुख्य चित्र वारंवार बदलत गेले, पण त्याच्याखाली कुपा मासा कायम राहिला, कारण तो त्या शहराचा शिक्का होता. फोकाया शहराने तर नावावर श्लेष करून सील प्राणी घेतला. ग्रीक भाषेत सीलला ‘फोके’ म्हणतात.

रोमकडे वळले की प्राणी बातमी सांगू लागतो. इ.स.पू. ९१ ते ८८ या काळात इटलीतील मित्रराज्ये रोमविरुद्ध उठली, तेव्हा त्यांच्या एका चांदीच्या नाण्यावर बैल लांडग्याला शिंगांनी चिरडताना दाखवला आहे. लांडगा म्हणजे रोम, आणि ‘इटली’ हे नाव वासराच्या शब्दावरून आले अशी त्यांची समजूत असल्याने बैल म्हणजे इटली. पुढे सीझरने यादवी युद्धात सैन्याच्या पगारासाठी नाणी पाडली, त्यांवर हत्ती आहे आणि खाली फक्त ‘सीझर’ एवढी अक्षरे आहेत. हत्तीच्या पायाखाली साप आहे की गॉल लोकांचे रणशिंग, यावर अजून वाद चालतो. सम्राट डोमिशियनने गेंडा आणला तो क्वाड्रन्स या तांब्याच्या अगदी किरकोळ नाण्यावर. त्याला दोन शिंगे आहेत, म्हणजे तो आफ्रिकेचा. लेखात त्याला ‘भारतीय गेंडा’ म्हटले आहे, ते दुरुस्त व्हावे. रिंगणातल्या खेळात असा जनावर दाखवण्याची ऐपत सम्राटाकडे आहे, हे खिशात एकच पैसा असलेल्या माणसापर्यंतही त्यातून पोहोचत होते.

लेखासोबत छापलेल्या नाण्याखाली ‘नाईल नदीचे दृश्य: मगर व झाड’ अशी ओळ आहे. ते नाणे आजच्या फ्रान्समधील नीम शहरात पाडलेले आहे. एका बाजूस सेनापती अग्रिप्पा आणि सम्राट ऑगस्टस पाठीला पाठ लावून आहेत, दुसरीकडे खजुराच्या झाडाला मगर साखळदंडाने बांधलेली आहे. आपल्या छायाचित्रातही भिंगाखाली त्या साखळीच्या कड्या दिसतात. साखळी वगळली तर ते नदीचे दृश्य राहते. साखळीसह ती इजिप्त जिंकल्याची दवंडी आहे. ऑगस्टसने इ.स.पू. २८ मध्ये मगरीच्या दुसऱ्या एका नाण्यावर ‘इजिप्त जिंकला’ असे सरळ शब्दांतच लिहिले होते. नीमची नाणी सुट्ट्या पैशांसाठी मधोमध तोडली जात, तेव्हा शेपूट एकाकडे आणि तोंड दुसऱ्याकडे जाई. त्या शहराच्या चिन्हात ही मगर आजही बांधलेली आहे.

लेखमालेचा पुढचा भाग इंडो-ग्रीक (भारताच्या वायव्येकडील ग्रीक राजांच्या) नाण्यांवर असल्याचे जाहीर झाले आहे, म्हणून एक विनंती करतो. त्यांपैकी पहिल्या अपोलोडोटस राजाच्या चौकोनी चांदीच्या नाण्याचे छायाचित्र त्यात अवश्य द्यावे. एका बाजूस हत्ती व ग्रीक लिपी, दुसऱ्या बाजूस वशिंडाचा बैल व खरोष्ठी लिपी, असे ते आहे. अपोलोडोटस आणि मिनँडर या राजांच्या जुन्या द्राख्मा ग्रंथकर्त्याच्या काळीही भडोचच्या बाजारात चालत असल्याची नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी वर्णनात आहे, आणि पैठण व तेरचा माल गाड्यांतून भडोचला येत असल्याचेही त्याच ग्रंथात लिहिलेले आहे. मात्र त्या बैलाला ‘नंदी’ म्हणण्याची घाई लेखकाने करू नये. तो देवाचा बैल होता की एखाद्या शहराचा, याबद्दल अभ्यासकांत अजून एकमत नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रोखपाल, सातारा