सूचना : रविवारी उपासनेनंतर थांबावे

प्रभूत प्रिय बंधुभगिनींनो,

येत्या रविवारी उपासना संपली की लगेच परळ स्टेशन गाठू नका. चहा-खारी आहे, तासभर थांबा. बायबलमधल्या मार्ककृत शुभवर्तमानाचा अध्याय २ वाचून या. कफर्णहूमात पक्षघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं, दारात गर्दी म्हणून छप्पर उचकटून बाज खाली सोडली. येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, एकट्या आजाऱ्याचा नव्हे. (हा शब्द मला फार उशिरा दिसला.)

गेल्या पावसाळ्यात मी अंथरुणाला खिळलो, तेव्हा ग्रुपवर जोडलेल्या हातांचा पूर आला. चार जिने चढून आले दोघेच. तक्रार नाही, मीही तेच करतो.

म्हणून अडचणीत एकमेकांकडे प्रत्यक्ष जाणारे तिघातिघांचे गट रविवारी तिथेच ठरवू. विरार-कल्याणवाल्यांनी शक्यतो आपल्याच लाइनीवरचे सोबती निवडावेत.