बांध आपोआप सरकत नाही

संपादक महोदय,

'बांध सरकला', 'शब्दाला शब्द लागला', 'हात उठला'. भाऊबंदकीच्या समेटाला बसलेल्यांना ही वाक्यं पाठ असतील. एकातही कर्ता नाही. (काळाराम मंदिराबाबतही आपण नाशिककर 'प्रवेश नाकारला गेला' एवढंच सांगतो. कोणी नाकारला, ते गाळून.) मग कोणीतरी 'झालं गेलं गंगेला मिळालं' म्हणतं, हातात हात, फोटो, चहा, आणि पुढच्या पेरणीला नांगर पुन्हा त्याच बांधावर.

तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, तेव्हापासून तंटे मिटवण्याची घाई फार आणि ऐकण्याची सवड कमी. आधी हकिगत, तडजोड निदान आठवड्याने, असा क्रम लावून पाहावा.

पहिल्यांदा दोघांना वेगवेगळं, त्यांच्याच ओट्यावर, अर्धा-पाऊण तास ऐकावं. चावडीवर नको, तिथे माणूस गावासाठी बोलतो. 'खुणेचा दगड हलला' म्हटलं की शांतपणे विचारावं, 'कोणी हलवला?' 'मीच. दरवर्षी नांगराचं एकेक तास आत घेत गेलो,' इथवर आल्याशिवाय एकत्र बसवू नये. एकत्र बैठकीला पाच-सातच माणसं, मोबाइल बाहेर. एकाचं बोलून झालं की दुसऱ्याने ते त्याच्याच शब्दांत परत सांगायचं. बोलणारा 'हो, असंच' म्हणेपर्यंत पुढे सरकायचं नाही. गाडी इथेच अडते, कारण परत सांगताना 'पण' घुसतो. 'पण' आला की पुन्हा पहिल्यापासून. मोजणीचा नकाशा त्या दिवशी पिशवीतच राहू द्या. तो उघडला की माणसं गुंठ्यांवर येतात.

माफी मागायला लावू नये आणि 'माफ केलं म्हण' असा दाब तर मुळीच नको. तो बहुतेक बहिणींवरच येतो. दक्षिण आफ्रिकेच्या १९९५ च्या कायद्याने वर्णभेदाच्या काळातल्या गुन्ह्यांसाठी सत्य आयोगापुढे अभय मागणाऱ्याला संपूर्ण कबुलीची अट घातली, पश्चात्तापाची नाही. त्यावर टीका झाली, पण कोणी काय केलं ते बळींच्या नातेवाइकांना निदान कळू लागलं.

घरातली मारहाण, अत्याचार, धमक्या या बैठकीत आणू नयेत. फौजदारी खटला चालू असेल तर कबुलीआधी वकिलाला विचारावं.

एकमेकांची जमीन बारा वर्षं कसली जात असेल तर अदलाबदलीसाठी २०२३ ची सलोखा योजना आहे. त्यात मुद्रांक आणि नोंदणी शुल्क प्रत्येकी १,००० रुपये ठेवलं होतं. मुदतीची चौकशी तलाठ्याकडे करावी.

तडजोडनाम्यात 'गैरसमजातून वाद झाला' हे ठरलेलं वाक्य येतंच. दोघांची तयारी असेल तर ते खोडावं. बांध कोरला असेल तर कोणी कोरला, तेच लिहावं.

– गावसमेटाच्या कामातले काही वाचक, नाशिक