ठरल्या वेळी संगीत सुरू होते, पण ऐकू येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पडून असलेल्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकून त्याला कामाला लावता येते. अशा संगणकाला देण्याजोगे एक चांगले काम म्हणजे ठरल्या वेळी संगीत लावणे. सकाळी उठवणारी गाणी, शाळेची घंटा, वाचनालय बंद होण्याआधीची धून किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीत दुपारचे हलके वादन, यांपैकी काहीही त्याच्याकडे सोपवता येते. यासाठी बहुतेक ठिकाणी 'क्रॉन'ची, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामची, एक ओळ सांगितली जाते आणि विषय तिथेच संपतो. वाचक ती ओळ लिहितो, सात वाजतात आणि खोलीत शांतता. मग वेळ बदलून पाहिली जाते, ओळ पुन्हा लिहिली जाते आणि अखेर 'लिनक्सला हे जमत नाही' असा निष्कर्ष निघतो. घड्याळ बहुतेक वेळा बरोबरच असते. चूक असते आवाजाच्या वाटेत, आणि नेमके त्याबद्दलच सांगितले जात नाही. म्हणून हे सविस्तर पत्र. कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या आणि त्यातले आकडे रोमन लिपीत लिहावेत.

आधी ती एक ओळ. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'क्रॉनटॅब -ई' लिहिले की वेळापत्रकाची फाइल उघडते. प्रत्येक ओळीत पाच रकाने आणि मग कमांड. रकान्यांचा क्रम मिनिट, तास, महिन्यातली तारीख, महिना, वार असा असतो. '० ७ * * १-५' म्हणजे सोमवार ते शुक्रवार सकाळी सात. रविवारसाठी ० किंवा ७ यांपैकी काहीही चालते. तारीख आणि वार दोन्ही भरले तर क्रॉन ते 'आणि' असे न धरता 'किंवा' असे धरतो. म्हणजे '१ तारखेला सोमवार असेल तरच' असे वाटून लिहिलेली ओळ दर सोमवारी वाजते आणि दर १ तारखेलाही वाजते. कमांडमध्ये टक्क्याचे चिन्ह आले तर क्रॉन तिथे ओळ तोडतो, त्यामुळे त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ हवी. सर्वांत मोठा धोका कीबोर्डवरच आहे. 'ई'च्या शेजारी 'आर' असते आणि 'क्रॉनटॅब -आर' काहीही न विचारता सगळे वेळापत्रक पुसून टाकते. 'क्रॉनटॅब -एल'ने निघालेली यादी एका फाइलमध्ये जपून ठेवावी.

आता आवाज का येत नाही ते. क्रॉन १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून आहे आणि त्याची घडण पडद्यामागच्या कामांसाठी झाली आहे. कुणी लॉगिन केले आहे की नाही याच्याशी त्याला देणेघेणे नसते. आजच्या लिनक्समध्ये मात्र गाणे वाजवणारा प्रोग्राम सहसा थेट साउंडकार्डाशी बोलत नाही. मध्ये पल्सऑडिओ किंवा पाइपवायर हा ध्वनी सांभाळणारा प्रोग्राम असतो आणि तो लॉगिन केलेल्या युजरच्या सत्रात चालतो. त्याच्यापर्यंत जायचे दार '/रन/युजर/१०००' अशा फोल्डरमध्ये असते. यातला १००० हा युजरचा क्रमांक; आपला क्रमांक 'आयडी -यू' ही कमांड सांगते. टर्मिनलमधून गाणे लावताना हे फोल्डर कुठे आहे ते 'एक्सडीजी_रनटाइम_डीआयआर' या व्हेरिएबलमुळे (प्रोग्रामला आपोआप मिळणाऱ्या नोंदीमुळे) प्लेअरला कळते. क्रॉन सहसा ते व्हेरिएबल देतच नाही. म्हणून हाताने लावलेले गाणे वाजते आणि क्रॉनने लावलेले तेच गाणे मुके राहते.

उपाय एका ओळीचा आहे. क्रॉनटॅबच्या अगदी वर 'एक्सडीजी_रनटाइम_डीआयआर=/रन/युजर/१०००' असे लिहावे. तिथे क्रमांकाऐवजी डॉलरचे चिन्ह लावून दुसरे व्हेरिएबल वापरू नये, कारण क्रॉन ते उलगडत नाही. प्लेअरचा मार्गही पूर्ण द्यावा, म्हणजे 'एमपीव्ही' एवढेच न लिहिता '/यूएसआर/बिन/एमपीव्ही' लिहावे. क्रॉन मोजक्याच फोल्डरांत प्रोग्राम शोधतो, त्यामुळे वेगळ्या जागी टाकलेला प्लेअर त्याला सापडत नाही.

आवाज येत नाही म्हणून अनेक जण 'सुडो क्रॉनटॅब -ई' करतात. असे कधीही करू नये. ते रूट युजरचे, म्हणजे संगणकाचे सगळे अधिकार असलेल्या खात्याचे, वेळापत्रक आहे आणि ध्वनीची व्यवस्था रूटची नसते. रूटने लावलेल्या गाण्याला कधी जोडणीच नाकारली जाते, तर कधी कार्ड व्यस्त असल्याचा संदेश येतो. शिवाय गाणे वाजवण्यासारख्या कामाला संगणकाचे सगळे अधिकार देणे मुळातच चूक आहे.

एवढे करूनही एक अडचण उरते. वीज जाऊन आली, संगणक आपोआप सुरू झाला, पण लॉगिन कुणीच केले नाही. अशा वेळी '/रन/युजर/१०००' हे फोल्डरच नसते. त्यासाठी 'लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर' आणि पुढे युजरचे नाव ही कमांड एकदा चालवावी. मग त्या युजरचे सत्र संगणकासोबतच सुरू होते. बरेच जण इथे थांबतात आणि पुन्हा शांतताच ऐकतात. याचे कारण असे की साउंडकार्ड वापरण्याची परवानगी सहसा समोर बसून लॉगिन केलेल्या युजरला आपोआप मिळते. समोर कुणी नसेल तर ती कुणालाच मिळत नाही. युजरला 'ऑडिओ' या गटात घातले की हा अडसर दूर होतो. त्यासाठी 'सुडो यूजरमॉड -एजी ऑडिओ' (यातला 'जी' कॅपिटल) आणि पुढे युजरचे नाव लिहावे, मग संगणक पुन्हा सुरू करावा. 'ए' गाळून नुसते 'जी' लिहिले तर युजर इतर सगळ्या जादा गटांतून बाहेर फेकला जातो, तेव्हा ते अक्षर विसरू नये. लॉगिनशिवायच्या अशा मांडणीत ब्लूटूथ स्पीकर वापरू नये. पाइपवायरची नेहमीची मांडणी ब्लूटूथ समोर बसलेल्या युजरपुरतेच ठेवते आणि तसेही बराच वेळ गप्प राहिलेला स्पीकर स्वतःहून बंद होतो. तारेने जोडलेला स्पीकर घ्यावा.

माझे स्पष्ट मत असे की नव्याने मांडणी करणाऱ्याने क्रॉन सोडून सिस्टमडीचा, म्हणजे लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेचा, युजर टायमर घ्यावा. तो युजरच्या सत्रातच चालतो, त्यामुळे व्हेरिएबलचा वरचा सगळा खटाटोप वाचतो. होम फोल्डरमधल्या '.कॉन्फिग/सिस्टमडी/युजर' या फोल्डरात दोन फाइली लागतात. समजा त्यांची नावे 'गाणी.सर्व्हिस' आणि 'गाणी.टायमर'. सर्व्हिसच्या फाइलमध्ये '[सर्व्हिस]' या शीर्षकाखाली 'एक्झेकस्टार्ट=/यूएसआर/बिन/एमपीव्ही --नो-व्हिडिओ --नो-टर्मिनल --शफल' आणि पुढे गाण्यांच्या फोल्डरचा पूर्ण मार्ग लिहावा. 'नो-व्हिडिओ' यासाठी की एमपी३ फाइलमध्ये मुखपृष्ठाचे चित्र असेल तर एमपीव्ही खिडकी उघडू पाहते. त्याखाली 'रनटाइममॅक्ससेक=३६००' लिहावे, म्हणजे तासाभराने संगीत थांबेल. या फाइलमध्ये 'टाइप=वनशॉट' लिहू नये. तसे लिहिले तर ही कालमर्यादा लागूच होत नाही आणि फोल्डर संपेपर्यंत गाणी चालू राहतात. मर्यादा संपून थांबलेली सर्व्हिस स्टेटसमध्ये लाल अक्षरांत 'फेल्ड' दिसते. त्याने घाबरू नये, दुसऱ्या दिवशी ती वेळेवर सुरू होते.

टायमरच्या फाइलमध्ये '[टायमर]'खाली 'ऑनकॅलेंडर=मन..फ्राय ०७:००' आणि '[इन्स्टॉल]'खाली 'वाँटेडबाय=टायमर्स.टार्गेट' एवढे पुरते. शाळेच्या घंटेसाठी 'अॅक्युरसीसेक=१एस' ही ओळही घालावी, कारण ती नसेल तर सिस्टमडी एका मिनिटापर्यंतचा उशीर चालवून घेतो. सकाळच्या गाण्यांना मिनिटभर इकडेतिकडे चालेल, घंटेला चालत नाही. 'परसिस्टंट=ट्रू' ही ओळ इतर कामांच्या नमुन्यातून उचलून इथे आणू नये. चुकलेले काम संगणक सुरू होताच उरकून टाकणे हा तिचा अर्थ. बॅकअपसाठी ती उत्तम, पण संगीतासाठी तिचा परिणाम असा की सकाळी सातची गाणी दुपारी कुणी संगणक लावला की वाजू लागतात.

मग 'सिस्टमसीटीएल --युजर डीमन-रीलोड' आणि 'सिस्टमसीटीएल --युजर इनेबल --नाऊ गाणी.टायमर'. इनेबल फक्त टायमर करायचा, सर्व्हिस नाही. पुढची वेळ 'सिस्टमसीटीएल --युजर लिस्ट-टायमर्स'मध्ये दिसते. वेळ नीट लिहिली आहे का हे 'सिस्टमडी-अॅनलाइझ कॅलेंडर'पुढे ती अवतरणचिन्हांत देऊन आधीच तपासता येते. टायमरचा आणखी एक फायदा असा की पहिली सर्व्हिस चालू असताना तीच पुन्हा सुरू होत नाही. क्रॉनमध्ये मात्र दोन ओळींच्या वेळा एकमेकींत गेल्या तर दोन गाणी एकदम वाजतात. क्रॉनच वापरायचा असेल तर कमांडच्या आधी 'फ्लॉक -एन' आणि एका कुलूप-फाइलचे नाव, शिवाय थांबवण्यासाठी 'टाइमआउट १एच' जोडावे.

आवाजाची पातळी नशिबावर सोडू नये. आदल्या रात्री कुणी पातळी पूर्ण वाढवली किंवा म्यूट केली तर सकाळी तीच राहते. पाइपवायरवर 'डब्ल्यूपीसीटीएल सेट-म्यूट @डीफॉल्ट_ऑडिओ_सिंक@ ०' आणि मग 'डब्ल्यूपीसीटीएल सेट-व्हॉल्यूम @डीफॉल्ट_ऑडिओ_सिंक@ ४०%' या दोन कमांड गाण्याआधी चालवाव्यात. सर्व्हिसमध्ये त्या 'एक्झेकस्टार्टप्री'च्या दोन ओळींत बसतात. सिस्टमडीच्या फाइलमध्ये टक्क्याचे चिन्ह दोनदा लिहावे लागते, म्हणून तिथे सरळ ०.४ लिहावे. चिन्ह विसरून नुसते ४० लिहिले तर ही कमांड ते चाळीस पट समजते. झोपलेल्या माणसाच्या खोलीत आणि स्पीकरच्या पडद्यासाठीही ही चूक फार महाग आहे. 'सेट-व्हॉल्यूम'पुढे '-एल १.०' जोडल्यास पातळी शंभर टक्क्यांपुढे जात नाही. ते न चुकता जोडावे.

एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरमधून आवाज घेत असाल तर मॉनिटर झोपताच ते उपकरण यादीतून नाहीसे होऊ शकते आणि गाणे भलत्याच उपकरणावर जाते. हिरव्या खाचेतला साधा स्पीकर यातही बरा. घंटेचा पहिला ठोका कापला जात असेल तर तोही बिघाड नव्हे. काही सेकंद काही वाजले नाही की पाइपवायर कार्डाला निजवते आणि ते जागे होईपर्यंत सुरुवात निघून जाते. ध्वनिफाइलच्या आरंभी दोन सेकंदांची शांतता जोडली की काम भागते.

निजलेल्या संगणकावर टायमर चालत नाही, पण जाग येताच चुकलेला टायमर सुटतो आणि इथे 'परसिस्टंट' नसले तरी तसेच होते. सकाळी सातला निजलेला लॅपटॉप साडेनऊला उघडला की गाणी सुरू. म्हणून प्लेअर थेट न लावता एका छोट्या स्क्रिप्टमधून लावावा आणि तिने आधी तास तपासावा; सात नसतील तर गुपचूप बाहेर पडावे. संगणकाला वेळेवर उठवायचे असेल तर 'आरटीसीवेक' आहे. त्याला रूटचे अधिकार लागतात. मात्र ज्या संगणकाला हेच काम दिले आहे त्याची झोप पूर्ण बंद करणे अधिक भरवशाचे.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर घड्याळाची वेगळी काळजी घ्यावी लागते. चौथ्या पिढीपर्यंतच्या पायमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही; पाचव्यात घड्याळ आहे, पण बॅटरी वेगळी जोडावी लागते. वीज गेली आणि आल्यावर इंटरनेट नसेल तर पाय शेवटच्या नोंदलेल्या वेळेपासून मोजू लागतो. वीज तीन तास गेली असेल तर सातची गाणी दहाला वाजतात. जिथे इंटरनेटचा भरवसा नाही तिथे बॅटरीचे घड्याळ लावावेच. टाइम झोन 'टाइमडेटसीटीएल'ने तपासावा.

चाचणी घेताना वेळ दहा मिनिटे पुढची लावावी, संगणक पुन्हा सुरू करावा, लॉगिन करू नये आणि वाट पाहावी. लॉगिन करून घेतलेली चाचणी काहीच सिद्ध करत नाही, कारण वरच्या बहुतेक चुका लॉगिन असताना दिसतच नाहीत. आवाज आला नाही तर मग लॉगिन करून 'जर्नलसीटीएल --युजर -यू गाणी.सर्व्हिस' वाचावे, कारण तिथे बहुधा स्पष्ट लिहिलेले असते. संगीत वेळेवर थांबते का हेही याच पद्धतीने तपासावे. आणि जिथे माणसे झोपतात किंवा शिकतात तिथे स्पीकरचा स्वतःचा बटणवाला प्लग हाताशी ठेवावा, म्हणजे टर्मिनल न येणाऱ्यालाही तो बंद करता येईल.

आपला,
एक लिनक्स वापरकर्ता