परमिट रूम रिकामी, फुटपाथ भरलेला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवासी वस्तीतील सर्व बार सरसकट बंद करावेत, अशी मागणी करणारी काही पत्रे आपल्या दैनिकातील वाचकांच्या सदरात अलीकडे प्रसिद्ध झाली. त्या पत्रांतील तक्रारी खऱ्या आहेत. रात्री गल्लीच्या तोंडाशी जमणारी टोळकी, उभ्या टेम्पोंच्या आडोशाला रिकाम्या होणाऱ्या बाटल्या, आणि त्या गर्दीतून वाट काढत शिकवणीहून घरी परतणाऱ्या मुली हे सारे मीही पाहतो. परंतु या त्रासाचे खापर परमिट रूमवर, म्हणजे बसून पिण्याच्या साध्या परवानाधारक बारवर, फोडणे मला चुकीचे वाटते. हा त्रास बारमध्ये बसणाऱ्यांचा नसून, बारमध्ये बसणे परवडेनासे झाल्यामुळे रस्त्यावर उभे राहणाऱ्यांचा आहे, आणि त्यांना रस्त्यावर आणण्यात शासनाच्या करधोरणाचा वाटा मोठा आहे. मी परळला राहतो आणि घरापासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या एका परमिट रूममध्ये अधूनमधून जाऊन बसतो, हेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या म्हणण्याला किती वजन द्यायचे ते ज्याचे त्याला ठरवता येईल.

मुंबईतील बारविषयी लिहिले जाते तेव्हा बहुधा टोकाच्या जागांविषयीच लिहिले जाते. कुलाब्यातील १८७१ सालचे लिओपोल्ड किंवा मारिओ मिरांडा यांच्या भित्तिचित्रांचे माँडेगार येथे पर्यटक आवर्जून जातात. लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारात जे पब उभे राहिले, त्यांच्या दारात शनिवारी रात्री गाड्यांची रांग लागते. २००५ सालच्या बंदीपासून २०१९ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत गाजत राहिलेले डान्स बार हा आणखी वेगळाच प्रकार, आणि त्याच्या बदनामीचे शिंतोडे साध्या परमिट रूमवरही विनाकारण उडाले. मला लिहायचे आहे ते या साध्या परमिट रूमविषयी. दादर, लालबाग, घाटकोपर, मुलुंड अशा कोणत्याही स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर ती सापडते. काळी फिल्म लावलेले काचेचे दार, गल्ल्याच्या वर देवीची हार घातलेली तसबीर, बहुतेक ठिकाणी उडुपी-मंगळूरकडचे शेट्टी मालक, खाली साधी टेबले आणि पोटमाळ्यावर एसीची खोली, जिथे त्याच पेगला थोडा चढा दर लागतो. ऑर्डर घेण्याआधीच वेटर चकण्याची बशी आणून ठेवतो. उकडलेले चणे, काकडीच्या फोडी, वर चाट मसाला. तिचे पैसे लागत नाहीत आणि ती संपली की न मागता दुसरी येते.

अशा जागी संध्याकाळी सात ते नऊ या वेळात कोण बसलेले असते, हे बंदीची मागणी करणाऱ्यांपैकी किती जणांनी पाहिले आहे, याची मला शंका आहे. पाळी संपवून आलेला बेस्टचा वाहक, बॅगेतून औषधांचे नमुने डोकावणारा विक्री प्रतिनिधी, मुलाच्या प्रवेशाच्या चिंतेत असलेला कारकून, आणि एकाच टेबलावर रोज एकटे बसणारे, एक लार्ज घेऊन वर्तमानपत्रातील शब्दकोडे पुरे करणारे एक निवृत्त गृहस्थ. दोन खोल्यांत पाच-सहा माणसे राहतात अशा शहरात दिवसभराच्या दगदगीनंतर तासभर कोणाला काही उत्तर न देता बसता येईल, अशा जागा फार थोड्या उरल्या आहेत. इराण्यांची हॉटेले एकामागून एक बंद पडली आणि नव्या कॉफीच्या दुकानातील एका कपाच्या पैशात येथे एक स्मॉल आणि मसाला पापड होतो.

या जागेचा मोठा गुण म्हणजे तेथे पिणाऱ्यावर कोणाची तरी नजर असते. गेल्या पावसाळ्यात माझ्या शेजारच्या टेबलावर एका तरुणाचा आवाज चढू लागला. कॅप्टनने, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाने, त्याच्याशी हुज्जत घातली नाही. त्याने पुढची ऑर्डर वहीत लिहिलीच नाही, आणि ‘शेठ, किचन बंद व्हायला आलंय, आधी जेवून घ्या’ असे म्हणत डाळ-खिचडीची थाळी त्याच्यासमोर ठेवली. वास्तविक किचन बंद व्हायला तासाभराचा अवकाश होता. तो तरुण जेवला, बिल चुकते करून चालत घरी गेला. चालत, हे मुद्दाम लिहितो. मोटार वाहन कायद्यानुसार शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यांश असलेल्या व्यक्तीने वाहन चालवणे हा गुन्हा आहे, आणि तो टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जिथे प्यायचे ती जागा घराजवळ असणे. वस्तीतले बार बंद करून पिणाऱ्यांना दूरच्या पबांकडे किंवा महामार्गालगतच्या ढाब्यांकडे पाठवले, तर परतीच्या वाटेवर त्यांच्या हाती स्टिअरिंग असेल.

आता कराविषयी. राज्य शासनाने १ नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूम, बार आणि क्लब यांत बसून घेतलेल्या मद्यावरील मूल्यवर्धित कर ५ टक्क्यांवरून १० टक्के केला. दुकानातून बाटली विकत घेऊन जाणाऱ्याला ही वाढ लागू नव्हती. त्यानंतर जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचे (व्हिस्की, रम वगैरे) उत्पादन शुल्क, लिटरमागे २६० रुपयांपर्यंत निर्मितीमूल्य असलेल्या मद्यासाठी, निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट करण्यात आले आणि १८० मिलिलिटरच्या क्वार्टरची किमान किंमत २०५ रुपयांवर गेली. परवाना शुल्कही १५ टक्क्यांनी वाढले. या तिन्ही वाढींच्या निषेधार्थ ‘आहार’ या हॉटेल व्यावसायिकांच्या संघटनेच्या हाकेवरून १४ जुलै २०२५ रोजी राज्यभरातील बार बंद राहिले. त्या बंदची बातमी बहुतेकांनी ‘दारूवाल्यांचा संप’ म्हणून हसण्यावारी नेली. मालकांच्या नफ्यातोट्याची चिंता मलाही नाही. ते आपली वजाबाकी ग्राहकाच्या बिलातून भरून काढतात. उत्पादन शुल्काचा बोजा दुकान आणि बार या दोन्हींवर सारखाच पडतो, त्याविषयीही माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मूल्यवर्धित कराविषयी. मद्य तेच, कारखाना तोच. परंतु टेबलापाशी बसून, सोबत काही खाऊन, पंख्याखाली प्यायले तर जादा कर, आणि तीच क्वार्टर कागदात गुंडाळून नेऊन फुटपाथवर प्यायली तर तो कर नाही. सार्वजनिक ठिकाणी मद्यपान करणे हा कायद्याने गुन्हा असताना, त्याच गुन्ह्याला स्वस्त पडेल अशी कररचना आपण करून ठेवली आहे.

परिणाम समोर दिसतो आहे. मी ज्या परमिट रूममध्ये जातो, तेथे क्वार्टरमागे दुकानातील छापील किमतीच्या जवळजवळ दुप्पट पैसे पडतात, आणि पूर्वी आठवड्यातून तीनदा दिसणारे चेहरे आता पगाराच्या आठवड्यातच दिसतात. त्यांनी पिणे सोडले असते तर मला आनंदच झाला असता. त्यांतील काही जण आता वाइन शॉपच्या शेजारील पानाच्या गादीजवळ, प्लास्टिकच्या ग्लासात पाण्याची पिशवी रिकामी करून, घाईघाईने दोन घोटांत क्वार्टर संपवताना दिसतात. बशीत चणे नाहीत, पोटात जेवण नाही, आणि ‘आता पुरे’ असे म्हणणारा कॅप्टनही नाही. आपल्या पत्रलेखकांना गल्लीच्या तोंडाशी जे टोळके दिसते, त्यात परमिट रूममधून बाहेर पडलेले किती आणि परमिट रूममध्ये जाऊ न शकलेले किती, हे त्यांनी एकदा उभे राहून पाहावे, ही विनंती.

मद्य महाग आणि दुर्मीळ केले की पिणे थांबते, हा समज किती फोल आहे, हे या शहराने पूर्वी एकदा चांगलेच अनुभवले आहे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. १९५० पासून संपूर्ण बंदी आली आणि तिच्याबरोबर वांद्रे, धारावी, धोबीतलाव येथील घराघरांतले चोरटे अड्डेही आले, ज्यांच्या हप्त्यांवर कित्येकांची साम्राज्ये उभी राहिली. पुढे बंदी शिथिल झाली तेव्हा परमिट रूम ही त्या अड्ड्यांना दिलेली पर्यायी, उजेडातली जागा होती. अड्डे मात्र पूर्णपणे कधीच गेले नाहीत. २००४ साली विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने बळी घेतले. मालवणीत मृतांची संख्या शंभराच्या वर गेली. मिथेनॉल मिसळलेली ती दारू पिणारी माणसे हातावर पोट असलेली होती. किंमत वाढवताना शासनाच्या डोळ्यांसमोर महसुलाचा आकडा असतो. मालवणीतली ती गल्लीही असावी.

स्त्रियांच्या विरोधाविषयी मला पूर्ण आदर आहे. घरातील पगार संध्याकाळी बाहेरच्या बाहेर संपताना त्यांनीच पाहिला आहे. वस्तीतील महिला मतदारांपैकी एक चतुर्थांश जणींनी मागणी केल्यास ‘उभी बाटली’ (दुकान चालू राहावे) की ‘आडवी बाटली’ (बंद व्हावे) असे गुप्त मतदान घेण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे, आणि ती राहिलीच पाहिजे. मार्च २०२५ मध्ये गृहनिर्माण संस्थांच्या आवारात नवे बिअर किंवा वाइन शॉप सुरू करण्यासाठी त्या संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र सक्तीचे करण्याची घोषणा विधानसभेत झाली, तीही योग्यच आहे. या दुसऱ्या निर्णयात निदान बाटली विकणारे दुकान हा उपद्रवाचा उगम म्हणून ओळखला गेला. हाच विवेक कर लावतानाही दाखवावा आणि बसून पिण्यावरील मूल्यवर्धित कर पुन्हा ५ टक्क्यांवर आणावा, एवढेच माझे म्हणणे आहे. महसुलात खोट येत असेल तर ती दुकानातील विक्रीवरून भरून काढावी.

मात्र ही सवलत बारमालकांना फुकट मिळू नये. त्यांच्या बाजूचे दोष थोडे नाहीत. पेग मोजण्याच्या मापावर वैधमापन विभागाचा शिक्का असावा लागतो, पण ते माप ग्राहकाला दिसेल अशा जागी वापरणारे थोडे. बहुतेक ठिकाणी पेग काउंटरमागे भरला जातो आणि टेबलावर येईपर्यंत त्यात बर्फ पडलेला असतो. ३० मिलिलिटरचा स्मॉल आणि ६० मिलिलिटरचा लार्ज ग्राहकाच्या समोरच मोजून ओतला पाहिजे, आणि खालचा व वरचा असे दोन्ही दर दाराबाहेर लावले पाहिजेत. पोटमाळ्यावरील एसीच्या खोलीला एकच अरुंद जिना असतो आणि त्याच्या पायरीवर सोड्याच्या क्रेट रचलेल्या असतात. २८-२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री लोअर परळच्या कमला मिलच्या आवारातील पबमध्ये लागलेल्या आगीत चौदा जणांचा जीव गेला, त्यानंतर तपासण्यांचा मोठा गाजावाजा झाला. माझ्या पाहण्यातील क्रेट मात्र आहेत तेथेच आहेत. आणि या जागेत स्त्रीला सहजपणे बसता येत नाही, हा तर सर्वांत जुना दोष. कायद्याने तिला मनाई नाही, पण ती आत शिरली की सगळ्या माना वळतात आणि कॅप्टन तिला घाईने ‘फॅमिली’च्या कोपऱ्यात नेतो. माझ्या पुतणीला व तिच्या कार्यालयातील मैत्रिणींना त्यामुळे दुप्पट पैसे देऊन गिरणीच्या आवारातील पबमध्ये जावे लागते. गोव्यातील गावोगावच्या तावेर्नांत, म्हणजे छोट्या दारूच्या दुकानांत, बायाबापड्या फेणीची बाटली भरून न्यायला येतात आणि कोणी वळूनही पाहत नाही. मुंबईला तेवढा निवांतपणा अजून जमलेला नाही.

शेवटचा मुद्दा वयाचा. आपल्या राज्यात बिअर व वाइनसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे ही किमान मर्यादा आहे, आणि कायद्याने प्रत्येक पिणाऱ्याकडे परवाना असणे आजही बंधनकारक आहे: विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना ५ रुपये, वर्षाचा १०० रुपये, आजीवन १००० रुपये. प्रत्यक्षात एक दिवसाच्या परवान्यांची पुस्तके मालक विकत घेतो, त्यांतील पाने कोणाच्या तरी नावाने फाडतो आणि उत्पादन शुल्क विभागाचा हिशेब जुळतो. ग्राहकाला आपण परवानाधारक आहोत याचा पत्ताही नसतो. हा देखावा एक तर रद्द करावा किंवा त्याचा काही उपयोग करून घ्यावा. वेटरने पहिल्या पेगआधी ओळखपत्र पाहून, जन्मवर्ष लिहून, ते पाच रुपयांचे पान ग्राहकाच्या हाती द्यावे असा नियम झाला, तर महाविद्यालयीन मुलांना ‘वय किती?’ असे विचारण्याचे कारण वेटरला मिळेल, आणि दार उघडून आत आलेल्या इन्स्पेक्टरला त्या पानांवरून काही तपासताही येईल.

आपला,
एक नियमित वाचक,
परळ, मुंबई