अश्विनीस, मुलाखतीआधी

चि. अश्विनीस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणून दाखवलंस ते सगळं ऐकलं. मी मेहनती आहे, मला सर्वांना सोबत घेऊन काम करायला आवडतं, ग्रामीण भागासाठी काहीतरी करायचंय. पोरी, हे तर तिथे येणारा प्रत्येक जण म्हणणार. इर्मा म्हणजे आणंदची ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था, तिच्या मुलाखतीत समोर बसणारी माणसं खेडी आणि सहकार कोळून प्यायलेली. फॉर्मवर 'केळी उत्पादक, ता. रावेर' लिहिलंयस ना, मग ते थेट वावरातच शिरतील.

मला वाटतं, विचारतील ते असं: आणंदला सहकारातून दुधाचं जमलं, तुमच्याकडे केळीचं का नाही जमलं?

दूध रोज दोन वेळा निघतं. एकच म्हैस असलेलीलाही डेअरीच्या रांगेत जागा आहे, दुधातली फॅट तिच्या डोळ्यांदेखत मोजतात. दूध जास्त झालं तर त्याची पावडर होते, वाया जात नाही. आपलं कसं? वर्षभर खोडं सांभाळायची, निसवण झाली, म्हणजे घड बाहेर पडला, की तो भरायची वाट बघायची, आणि माल तयार झाला की तो थांबत नाही. मे महिन्यात पारा 45 वर गेला की तर अजिबात नाही. हे व्यापाऱ्याला आपल्याइतकंच ठाऊक. म्हणून बोर्डावर जाहीर भाव एक आणि बांधावर मिळणारा दुसरा. कधी म्हणे माल बारीक, कधी म्हणे दिल्लीला उठाव नाही. नवतीला, म्हणजे नव्या लागवडीला, भाव वेगळा, पिलबागेला, म्हणजे जुन्या खोडाच्या पिलावर धरलेल्या बागेला, वेगळा, आणि आपला माल कशात धरायचा ते तोच ठरवणार. गेल्या हंगामात कापणीला माणसं आली, गाडी मात्र आली नाही, तेव्हा तू घरीच होतीस. ते सांग.

पण आमच्याकडे सहकार नव्हताच, असं बोलू नकोस. आजोबांच्या वेळी फ्रूटसेल सोसायट्या, म्हणजे केळी विकणाऱ्या सहकारी संस्था, होत्या. सावदा, रावेर स्टेशनांवरून वॅगनी भरून केळी दिल्लीला जायची. मग ट्रक आले, व्यापारी बांधावर रोख मोजू लागला आणि सभासदच सोसायटीला सोडून त्याला माल देऊ लागले. हे माझं मत. तुला पटत नसेल तर तुझं सांग, पण कारणासकट.

बाकी सनावळी तू करशीलच: खेडा दूध संघ, म्हणजे अमूल, 1946, तो वाढवणारे कुरियन आणंदला आले 1949, देशभर दूध वाढवायची मोहीम ऑपरेशन फ्लड 1970, इर्मा 1979. कुरियन सगळ्यांना पाठ असतात, संघ उभा करणारे त्रिभुवनदास पटेल विसरतात. 2025 मध्ये इर्मा ज्या सहकारी विद्यापीठात गेली, त्याला त्यांचंच नाव दिलंय. आता बीएस्सी ॲग्री म्हटल्यावर सीएमव्ही, हा केळीवरचा विषाणू रोगही विचारतील. औषध नाही, रोगट झाड उपटून नष्ट करायचं, मावा आटोक्यात ठेवायचा, बागेजवळ काकडी-भोपळ्याचे वेल नकोत. पुस्तकातलं लांबलचक नाव आठवलं नाही तरी चालेल. एखादं खरंच येत नसेल तर 'माहीत नाही' म्हण आणि गप्प बस. धुळ्याला कॉलेजात तोंडी परीक्षेत नाही येत म्हटलं की मार्क जातात, म्हणून तुला सवय लागलीय काहीतरी ठोकून द्यायची.

इंग्रजीची काळजी करू नकोस, सावकाश बोल. आई म्हणते साडी नेस. मी म्हणतो, ज्यात नीट बसता येईल ते घाल. आमचं यावर दोन दिवस चाललंय, तू मध्ये पडू नकोस.

काट्याच्या पावत्यांचे फोटो आज रात्री पाठवतो. त्या त्या दिवशीचा बोर्डाचा भाव मी मागे पेनाने लिहून ठेवलाय. क्विंटलमागे किती फरक पडला ते तूच काढ, आकडा तोंडावर असू दे. रविवारी फोनवर विचारीन. इंग्रजीतच विचारीन, हसायचं नाही.

तुझे पप्पा