'डी-४' म्हणजे काय? कामगार मंत्र्यांना खुलं पत्र

मा. कामगार मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

रसायन कारखान्यात माझी २७ वर्षं शिफ्टमध्ये गेली. आधी केमिस्ट, मग शिफ्ट इनचार्ज. कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर हे गाऱ्हाणं एकट्या तिचं नाही, आणि दुसरं म्हणजे माझ्या ओळखीची काही माणसं अजून तिथं पोट भरतात.

एका रात्रपाळीचं सांगतो. ठेकेदाराबरोबर ओडिशाहून आलेला विशीतला पोरगा, हेल्पर. ड्रममधून रिॲक्टरला, म्हणजे प्रक्रियेच्या मोठ्या भांड्यात, माल भरणं चालू असताना पाइपाचा जोड निसटला आणि थोडं मटेरियल त्याच्या हातावर, शर्टावर उडालं. आग आग झाली नाही, वास म्हणावा तर तोही नाही. त्यानं गमछ्यानं हात पुसला, तोच गमछा तोंडाला बांधला, बॅच पुरी केली आणि सकाळी खोलीवर जाऊन झोपला. दुपारी उठला तेव्हा डोळे सुजून मिटलेले आणि श्वास लागलेला. खोलीवरच्या पोरांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कुठलं केमिकल?" पोरं म्हणाली, "डी-४."

डी-४ हे आमच्या कंपनीतलं नाव. कृती बाहेर जाऊ नये म्हणून मूळ लेबल खरवडून ड्रमवर कोड रंगवायचा, ही तिथली रीत. डॉक्टरांनी कंपनीत फोन लावला. गेटवरून टाइम ऑफिस, तिथून स्टोअर, असा तो फिरत फिरत संध्याकाळी माझ्यापर्यंत आला. डी-४ म्हणजे डायमिथाइल सल्फेट. मला ते माहीत होतं. त्या पोराला मी ते कधी सांगितलं नव्हतं, कारण हेल्परला सांगायची पद्धतच नव्हती.

पोरगा वाचला. आवाज मात्र घोगरा झाला तो तसाच राहिला. पुढं तो गावी गेला.

महोदय, डायमिथाइल सल्फेट बिनरंगी, तेलकट असतं आणि वास जवळजवळ नसतो. अंगावर पडलं की लगेच काही होत नाही. डोळे आणि फुप्फुसं काही तासांनी जळू लागतात. म्हणजे मधल्या तासांत शरीर काहीच इशारा देत नाही. हायड्रोजन सल्फाइडची तऱ्हा वेगळी. थोडा असला की सडक्या अंड्याचा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. सांडपाण्याच्या टाकीत उतरलेला माणूस त्या फसव्या क्षणी आणखी खाली उतरतो. अशा ठिकाणी अनुभव, सावधपणा, 'जुना माणूस आहे, त्याला कळतं' यांतलं काहीही उपयोगी पडत नाही. कुणीतरी आधी सांगितलेलं असावं लागतं.

हे सांगण्याचा कायदा आपल्याकडे नाही असं नाही. भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू सुटला, तेव्हा हमीदिया रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही कोणत्या वायूवर इलाज करायचाय हे ठाऊक नव्हतं. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात कलम ४१-ब आलं. धोक्याच्या प्रक्रियेची सगळी माहिती मालकानं कामगारांना, मुख्य निरीक्षकांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि आसपासच्या जनतेलाही द्यावी, असं ते सांगत होतं. (डोंबिवलीत मे २०१६ ला आणि पुन्हा मे २०२४ ला स्फोट झाले. दोन्ही वेळा काचा फुटलेल्या घरांतल्या किती जणांना शेजारी काय बनतं हे माहीत होतं, ते आपणच विचारून पाहावं.) १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत तर प्रत्येक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक आणि प्रत्येक पिंपावर लेबल सक्तीचं केलं आहे.

मग डी-४ कसं घडलं? माहितीपत्रक होतं. सेफ्टी ऑफिसरच्या कपाटात, इंग्रजीत, सोळा भागांचं. नियम म्हणतो की ते मागितल्यावर पाहायला मिळावं. आता ज्याला असा कागद असतो हेच माहीत नाही, तो मागणार काय? सूचनाफलकांची भाषाही कायद्यानं ठरवून दिली होती: इंग्रजी आणि बहुसंख्य कामगारांना समजणारी. आमच्याकडे कायम कामगार मराठी, म्हणून फलक मराठीत. ड्रमला हात लावणारी पोरं ओडिया, भोजपुरी बोलणारी, ठेकेदाराच्या मस्टरवरची. ती आमच्या 'बहुसंख्यां'त कधी आलीच नाहीत. प्रशिक्षणाच्या रजिस्टरवर मात्र प्रत्येकाची सही आहे, 'वाचून समजले' या दोन मराठी शब्दांखाली. ४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथही मराठीतच होते आणि ती पोरं ओठ हलवतात. बाकी त्यांच्यापर्यंत पोचायचं ते एकच ज्ञान: पाळीच्या शेवटी गुळाचा खडा खा, पावडर छातीत बसत नाही. गूळ मीही वाटलाय.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियमाच्या जागी व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. माहिती देण्याची सक्ती तिच्यातही आहे. पण माहिती द्यायची कशी, हे राज्याच्या नियमांवर ठरतं आणि ते आपल्या खात्याचं काम आहे. म्हणून हा पत्रप्रपंच.

नियमातला 'बहुसंख्य' शब्द काढा. जो माणूस रसायन हाताळतो त्याच्या भाषेत, आणि वाचता येत नसेल तर तोंडी सांगणं बंधनकारक करा, मग तो मस्टरवर कुणाच्याही का असेना. दुसरं, लेबल मूळ ड्रमपुरतं ठेवू नका. शॉप फ्लोअरवर मटेरियल ड्रममध्ये राहतं कुठं? ते कारबॉयमध्ये, म्हणजे मोठ्या कॅनमध्ये जातं, कापलेल्या निळ्या पिंपात जातं, बादलीत जातं. कोल्ड्रिंकच्या बाटलीत टोल्युइन, पाण्यासारखं दिसणारं विषारी द्रावक, ठेवलेलं मी स्वतः पाहिलंय. जिथं जिथं ओतलं, तिथं तिथं नाव आणि धोक्याचं चित्र गेलं पाहिजे. मालक म्हणतील, धंद्याचं गुपित फुटेल. मला याचं हसू येतं. डायमिथाइल सल्फेट कोण किती घेतो हे विकणाऱ्याला माहीत, टँकरवाल्याला माहीत, शेजारच्या प्लॉटवाल्याला तर आपल्याआधी माहीत. गुपित राहतं ते फक्त हेल्परपासून. तरीही कोड ठेवायचा तर ठेवोत, पण डॉक्टरांनी विचारल्यावर रसायनाचं खरं नाव त्याच क्षणी, रात्री तीन वाजतासुद्धा, गेटवरच्या माणसाला सांगता आलं पाहिजे. न सांगितल्यास शिक्षा काय, तेही नियमात लिहा.

आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या निरीक्षकांना एवढं सांगा, की रजिस्टर शेवटी बघा. आधी रिॲक्टरजवळच्या हेल्परला बाजूला घेऊन विचारा, यात काय आहे आणि अंगावर पडलं तर तू काय करशील?

निवृत्त झाल्यापासून मी खिशात मावतील अशी कार्डं लिहितो. एका बाजूला रसायनाचं नाव, कोडसाठी मोकळी जागा आणि चित्र. दुसऱ्या बाजूला काय होतं आणि काय करायचं. डायमिथाइल सल्फेटच्या कार्डावर लिहिलंय: "कपडे लगेच काढ. भरपूर पाण्यानं धू. त्रास नसला तरी दवाखान्यात जा, हे कार्ड दाखव, रात्रभर तिथंच राहा." आत्तापर्यंत अकरा रसायनांची झाली आहेत, मराठीत आणि हिंदीत. या पत्राबरोबर संच जोडतो आहे. ओडिया मला येत नाही, तेवढं आपल्या खात्यानं करावं.

आपला,
एक निवृत्त शिफ्ट इनचार्ज