दहापैकी दहा मागून समाधान मोजता येत नाही

संपादक महोदय,

सर्व्हिसिंगला टाकलेली दुचाकी परत घेताना बिलासोबत एक विनंती हमखास ऐकू येते : ‘परवा कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहाच सांगा साहेब, नऊ दिलेत तरी आमच्या इन्सेन्टिव्हला कात्री लागते.’ ग्राहक भिडेखातर दहा सांगतो. शोरूममध्ये 9.6 गुणांचा बोर्ड लागतो आणि फ्री सर्व्हिसिंग संपली की तीच गाडी गल्लीतल्या गॅरेजकडे वळते. यात त्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला, म्हणजे गाडी घेऊन काम लिहून घेणाऱ्या कर्मचाऱ्याला, दोष देण्यात अर्थ नाही. ज्याची कमाई आकड्यावर ठरते, त्यालाच तो आकडा वळवायची मुभा देणारी पद्धतच चुकीची आहे. ती आता लॅब, पतसंस्था, हॉटेले अशी सगळीकडे पसरली आहे, म्हणून ग्राहक-सर्वेक्षणाचे काम करणारे आम्ही हे पत्र लिहीत आहोत.

‘आमचे नाव ओळखीच्यांना सुचवाल का? 0 ते 10 मध्ये सांगा’ हा प्रश्न फ्रेड रायकहेल्ड यांनी 2003 मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त मांडला. नऊ-दहा देणारे पाठीराखे, सात-आठवाले तटस्थ, सहापर्यंतचे नाराज. पाठीराख्यांच्या टक्केवारीतून नाराजांची टक्केवारी वजा केली की ‘नेट प्रमोटर स्कोअर’ हाती येतो. हिशेब सोपा, म्हणून जगभर चालला. पण आपल्याकडे दहावीला 35 टक्क्यांना पास आणि 75 टक्क्यांना विशेष प्राविण्य. त्या मुशीत वाढलेला माणूस खूश असला तरी आठ देतो, आणि हा हिशेब त्याला तटस्थांत ढकलतो. सहा देणारा ‘ठीक आहे’ एवढेच म्हणत असतो, तो थेट नाराजांत जातो. शिवाय 40 पाठीराखे, 40 तटस्थ, 20 नाराज यांचा स्कोअर 20 येतो आणि 50, 20, 30 यांचाही 20च. दुसऱ्या दुकानात नाराज माणसे दीडपट आहेत, पण आकड्यात ती दिसत नाहीत. आपल्या मापाचा गैरवापर होत असल्याचे खुद्द रायकहेल्ड यांनीच 2021 मध्ये लिहिले आणि जुने ग्राहक किती टिकले, त्यांच्या शिफारशीने नवे किती आले, याचा हिशेब धरायला सांगितले.

मग मोजायचे कसे? दिवसाला 40 गाड्या घेणारे वर्कशॉप धरू. महिन्याचे 25 दिवस कामाचे, म्हणजे 1000 जॉबकार्डे (प्रत्येक गाडीच्या कामाची नोंद). सगळ्यांना फोन करायची गरज नाही. 1 ते 10 मधली एक चिठ्ठी काढा; 4 निघाली तर 4, 14, 24 असे दर दहावे कार्ड घ्या. निवड अ‍ॅडव्हायझरच्या हाती ठेवली तर ओळखीचे आणि हसतमुख ग्राहकच यादीत येतात. फोन डिलिव्हरीनंतर तिसऱ्या ते सातव्या दिवसात करावा. काउंटरवर गाडी धुतलेली आणि चकचकीत दिसते. चेनचा आवाज गेला की नाही, ब्रेक नीट लागतो की नाही, हे चार दिवस चालवल्यावरच कळते. (खानावळीला मात्र त्याच दिवशी विचारावे, आठवड्याने भाजीची चव कोणाला आठवत नाही.) फोन करणारा वर्कशॉपचा नसावा, निदान त्याचे वरिष्ठ वेगळे असावेत. फोन न उचलणाऱ्याला वेगवेगळ्या वेळी आणखी दोनदा लावावा, आणि तरी न मिळालेल्यांची संख्या अहवालात लिहावी.

प्रश्न पाच पुरतात. सांगितलेली सगळी कामे झाली का? त्याच तक्रारीसाठी पुन्हा यावे लागले का? बिल आधी सांगितलेल्या अंदाजाइतकेच आले का? एकूण किती समाधानी आहात? आणि शेवटी, एकच गोष्ट सुधारायची तर कोणती? चौथ्या प्रश्नाला आकडा मागू नये. ‘पूर्ण समाधानी, बऱ्यापैकी समाधानी, ना समाधानी ना नाराज, थोडे नाराज, खूप नाराज’ हे पर्याय वाचून दाखवावेत. ‘सेवा तत्पर आणि नम्र होती का?’ असा जोडप्रश्न टाळावा. माणसे नम्र होती पण गाडी दोन तास उशिरा मिळाली, तर ग्राहकाने काय उत्तर द्यायचे? पाचव्या प्रश्नाचे उत्तर ग्राहकाच्याच शब्दांत लिहून घ्यावे. ‘सर्व्हिस क्वालिटी इश्यू’ असा शिक्का मारला की ‘आरसा ढिला ठेवला’ हे मेकॅनिकपर्यंत पोहोचतच नाही.

आकडे वाचताना सर्वांत जास्त घोळ होतो. 100 जणांनी उत्तरे दिली आणि 62 जण पूर्ण समाधानी निघाले, तर सगळ्या ग्राहकांत हे प्रमाण साधारण 53 ते 71 टक्क्यांमध्ये कुठेही असू शकते. त्यामुळे पुढच्या महिन्यात 67 आले म्हणून पेढे वाटू नयेत आणि 58 आले म्हणून कोणाची झाडाझडतीही घेऊ नये. तीन-चार महिने आकडा एकाच दिशेने सरकला, तर शोध घ्यावा. नुसती सरासरीही बघू नये. चौथ्या प्रश्नात ‘पूर्ण समाधानी’ला पाच ते ‘खूप नाराज’ला एक असे गुण धरले, तर निम्म्यांचे पाच आणि निम्म्यांचा एक आला किंवा सगळ्यांचेच तीन आले, तरी सरासरी तीनच येते. पहिल्या ठिकाणी बहुधा एखादी पाळी किंवा एखादा विभाग बिघडलेला असतो.

आमच्या मते उत्तरांपेक्षा ग्राहकाच्या वागण्यावर जास्त विश्वास ठेवावा. एकाच तक्रारीसाठी 30 दिवसांत परत आलेल्या गाड्या किती, हे जॉबकार्डांवरूनच निघते. त्यासाठी परत आलेल्या गाडीचे कार्ड ‘नवे काम’ म्हणून बनवायला सक्त मनाई हवी, नाहीतर हा आकडाही सजवला जातो. दुसरे, जानेवारी ते मार्चमध्ये शेवटची फ्री सर्व्हिसिंग झालेल्या गाड्यांची यादी काढून पुढच्या सहा महिन्यांत पैसे देऊन किती परत आल्या, ते पाहावे. न आलेल्यांपैकी 20 जणांना फोन करावा. काहींनी गाडी विकलेली असेल, काही गाव सोडून गेले असतील; उरलेल्यांनी सांगितलेली कारणे कोणत्याही स्कोअरपेक्षा मोलाची आहेत. तक्रारवही कोरी आहे म्हणून निर्धास्त राहणे तर फारच महागात पडते. बहुतेक नाराज माणसे काही न बोलता दुसरीकडे जातात.

ऑनलाइन ताऱ्यांबद्दल थोडक्यात. ग्राहक खूश आहे का ते आधी विचारायचे आणि खूश असलेल्यालाच रिव्ह्यूची लिंक पाठवायची, हे गूगलच्या नियमांत बसत नाही. भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानक आणले. ते ऐच्छिक आहे, पण रिव्ह्यू विकत घेऊ नयेत हे त्यात स्पष्ट आहे.

वाहन कंपन्यांना आमची विनंती आहे की डीलरचा इन्सेन्टिव्ह फोनवरच्या गुणांपासून तोडावा आणि परत आलेल्या तक्रारी व टिकलेले ग्राहक यांच्याशी जोडावा. नोंदींची तपासणी मात्र कंपनीने स्वतः करावी. छोट्या व्यावसायिकांनी खर्चाची धास्ती घेऊ नये. चार मिनिटांचा एक, असे 100 फोन म्हणजे सुमारे सात तासांचे बोलणे. न लागणारे फोन धरून रोज तासभर दिला तरी दोन आठवड्यांत उरकते. सॉफ्टवेअरही लागत नाही. नेहमीच्या वहीत तीन रकाने वाढवावेत : ग्राहक काय म्हणाला, त्यावर कोणी काय केले आणि ते त्याला परत फोन करून कधी सांगितले.

– ग्राहक-सर्वेक्षण क्षेत्रातील काही वाचक, पुणे